द्रौपदाबाईंनी संमती दर्शवली

करंजदऱ्यात ‘घ्या की’ म्हणजे ‘हात तर लावून दाखवा’, हे शेंबड्या पोरालाही कळतं. सासू सुनेला ‘जा की माहेरी’ म्हणाली, तर सून पिशवी भरायला घेत नाही, गप भाकरी थापत बसते. पावण्यानं उठायची घाई केली आणि घरधनी ‘जावा की, आमी काय बांधून ठिवलंय?’ म्हणाला, की पावणा मुकाट्यानं परत मांडी घालतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. ते कळलं नाही एकट्या यंत्राला, आणि ते यंत्र बनवणारी कोण, तर द्रौपदाच्या पोटची पोर. आता बोला!

द्रौपदा म्हणजे विहाराच्या मागं राहणारी, अंगणवाडीत जन्मभर मदतनीस म्हणून राबून आता घरी बसलेली बाई. बसलेली आपली म्हणायला. विहाराच्या अंगणात पत्र्याची अभ्यासिका आहे, तिची किल्ली हिच्या कमरेला. पोलीस भरतीची, तलाठ्याच्या परीक्षेची, दहावीची अशी पोरं-पोरी तिथं बसतात. बौद्धवस्तीतली बसतात, तशी वरच्या आळीतली आणि डोंगराकडच्या वाडीतलीही बसतात, कारण घरोघरी टीव्ही बोंबलत असतो आणि गावात दुसरीकडं कुठं शांतता नाही. अंगणात कुणी मोठ्यानं फोनवर बोलायला लागलं, तर द्रौपदा त्याच्याकडं असं काही बघते की तो बोलता बोलता चपला शोधायला लागतो. स्वतः मात्र तोंडानं फाटकी. तिच्या टोमण्याला गाव भितंही, आणि सभेत ती कधी उठते याची वाटही बघतं.

तर त्या ग्रामसभेत ती उठली. विषयच तसा होता. ओझरच्या गणपतीला आलेले लोक पुढं हुरडा खायला, द्राक्षाच्या बागा बघायला आमच्या बाजूला वळायला लागलेत. सरपंच दादाभाऊच्या मेव्हण्यानं गावात कृषी पर्यटन केंद्र काढलं होतं, आणि पावण्यांच्या गाड्या रस्त्यावर आडव्यातिडव्या लागायच्या. दादाभाऊनं प्रस्ताव वाचला, की विहारापुढचं अंगण आणि अभ्यासिकेची जागा वाहनतळासाठी घ्यावी, आणि अभ्यासिका ओढ्याकाठच्या पडीक जागेत हलवावी. त्या पडीक जागेवरून पावसाळ्यात ओढाच वाहतो, हे त्यात लिहिलेलं नव्हतं. अंगण कागदोपत्री ग्रामपंचायतीचं, त्यामुळं ग्रामसभेनं हो म्हटलं की काम झालं.

“घ्या की!” द्रौपदा म्हणाली. हात असा ओवाळला, की पुढं बसलेल्या तिच्या शेजारणीनं, लंकाबाईनं, डोकं खाली घेतलं. “अंगण घ्या. अभ्यासिका घ्या. विहार तेवढा कशाला मागं ठिवता, त्योबी घ्या! पोरांचं काय, पोरं बसतील वढ्याला. बेडकांच्या शेजारी बसून अभ्यास करतील, कलेक्टर व्हतील!”

शाळेचा हॉल असा हसला की वरचा पत्रा वाजला. दादाभाऊ स्वतः खुर्चीत मागं रेलून, मांडीवर थाप मारून हसला. “बरं बरं, आक्का, बसा खाली,” म्हणाला आणि त्यानं पाण्याच्या मोटारीचा विषय काढला. द्रौपदाला वाटलं, मिटलं. करंजदऱ्यात असंच मिटतं. एखादी गोष्ट सगळ्यांसमोर हसण्यावारी गेली की ती गेली, पुन्हा कुणी तोंडातून काढायची नाही, असा इथला रिवाज आहे.

पण हल्ली सभा हॉलमध्ये संपत नाही. दादाभाऊच्याच हौसेनं कोपऱ्यात तिकाटण्यावर मोबाईल लावलेला असतो आणि सभा ऑनलाइन दिसते. मुंबई-पुण्याला पांगलेल्यांनी बघावी म्हणून. ते कितपत बघतात देव जाणे, पण व्हिडिओ राहतो. आणि व्हिडिओ राहिला की त्याच्यामागं अमृताचं टूल आलं.

अमृता द्रौपदाची थोरली. पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीला, पण निम्मा आठवडा घरून काम, म्हणून गावातच असायची. तिनं रिकाम्या वेळात एक टूल बनवलं होतं. एआयवाल्या मदतनिसाला व्हिडिओ बघता येत नाही. मग हिचं टूल काय करायचं, तर व्हिडिओच्या खाली जी अक्षरं धावतात ती सगळी गोळा करायचं, निवडून-पाखडून साफ करायचं आणि त्या मदतनिसापुढं वाढायचं. तो ते वाचून लांबलचक व्हिडिओचा पानभर सारांश करून द्यायचा.

“म्हंजे मदतनिसाचा मदतनीस,” द्रौपदानं एका वाक्यात हिशोब लावला होता. “पाखडायचं काम लई वंगाळ बघ. जन्मभर मीच केलंय. नाव मातर अंगणवाडीच्या बाईचं व्हतं.”

तोंडानं असं म्हणायची, पण पोरीचा अभिमान पोटात मावत नव्हता. लंकाबाईनं एकदा विचारलं होतं, “तुजी अमी टूल बनावती का स्टूल?” त्यावर द्रौपदा तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. अमृतानं ते टूल सगळ्यांना फुकट वापरायला दिलं होतं आणि पुण्यातल्या एका कंपनीनं ते आपल्याकडं घ्यायची बोलणीही चालवली होती. मग एक दिवस ग्रामसेवक सुनील तिच्याकडं आला. त्याच्याकडं दुसऱ्या गावांचाही कारभार, सदा घाईत. म्हणाला, “ताई, अख्खी सभा परत ऐकून प्रोसिडिंग लिहायचं म्हणजे जीव जातो हो.” अमृतानं त्याला टूल लावून दिलं. गावाच्या कामाला आलं, म्हणून त्या दिवशी द्रौपदानं त्याला चहाबरोबर शेंगदाण्याचा लाडू दिला होता.

त्याच लाडवाचं हे फळ. सभेनंतर आठवड्याभरात लंकाबाई धापा टाकत अभ्यासिकेच्या दारात आली.

“आक्का, तू तर विहारबी देऊन बसलीस की गं!”

“काय बरळतीस?”

लंकाबाईनं मोबाईल पुढं केला. ग्रामपंचायतीच्या फलकावर सभेचं प्रोसिडिंग लागलं होतं आणि कुणीतरी त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला होता. द्रौपदानं चष्मा चढवला आणि वाचलं.

‘श्रीमती द्रौपदाबाई यांनी अंगण व अभ्यासिकेची जागा देण्यास संमती दर्शवली. विहाराची जागाही उपलब्ध करून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. मुलांची बैठक व्यवस्था ओढ्यालगत करावी, जेणेकरून मुलांना बेडकांचा जवळून अभ्यास करता येईल व ती उच्च पदावर पोहोचतील, अशी सूचना त्यांनी मांडली. प्रस्तावास कोणीही विरोध नोंदवला नाही. ठराव सर्वानुमते मंजूर.’

खाली सरपंचाची सही होती. तिनं परत वाचलं. बेडकांपाशी आल्यावर लंकाबाईला हसू फुटलं, पण द्रौपदाचं तोंड बघून तिनं ते पदरात दाबलं.

हसण्यासारखं होतंच ना ते! पण वस्तीत कुणी हसलं नाही. संध्याकाळी उज्ज्वला आली. तिची पोरगी नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास याच अभ्यासिकेत करत होती. उज्ज्वला सभेला नव्हती, मजुरीवर गेली होती. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली, “आक्का, द्यायचं व्हतं तर द्यायचं. आमाला इचारायचं तरी व्हतं.” एवढं बोलून ती गेली, चहालाही थांबली नाही.

हे मात्र द्रौपदाच्या काळजाला लागलं. सासऱ्यांच्या पिढीनं बाबासाहेबांच्या मागं धम्म घेतला, तेव्हा विहार नव्हता, नुसतं हे अंगण होतं. तिथं सगळी वंदनेला बसायची. पुढं विहार झाला, मग पत्रे मागून आणून अभ्यासिका झाली. आणि ते सगळं देऊन टाकणारी बाई म्हणून आपलं नाव फलकावर! तिला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग आला की तिचे पाय आपोआप चालायला लागतात.

दुसऱ्या दिवशी ती ग्रामपंचायतीत उभी राहिली. सुनील टेबलामागं खुर्चीत आणखीच लहान झाला.

“भाऊसाहेब, म्या संमती दिली?”

“मावशी, मी कुठं लिहिलंय? ते टूलमधनं जसंच्या तसं आलं. मी फक्त चिकटवलं.”

“तुमी सभेत व्हता का न्हवता?”

“होतो की.”

“मंग तुमचे कान कुटं व्हते?”

सुनील कागद सरळ करायला लागला. तेवढ्यात आतल्या खोलीतून दादाभाऊ आला. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं खुर्ची ओढून दिली, पाण्याचा ग्लास पुढं केला, सगळं अगदी रीतीनं.

“आक्का, आता तुमीच सांगा,” तो गोड आवाजात म्हणाला, “टूल कुनाचं? तुमच्या अमृताचं. मानूस चुकंल, पक्षपात करंल. यंत्राला काय, त्याला ना जात ना भावकी. आता तुमच्याच पोरीचं यंत्र खोटं हाय, असं गावात म्हनायचं का आपुन? तिची पुण्यात बोलणी चाललीत म्हनं. कशाला पोरीच्या कामात खोडा घालता?”

द्रौपदानं पाण्याला हात लावला नाही. “आन हे प्रोसिडिंग?”

“फुडच्या सभेत वाचून कायम करायचं. रीतच हाय ती.”

कायम! हा शब्द द्रौपदाला चांगला माहीत होता. प्रत्येक सभेत पहिला विषय तोच असतो, मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करणे. आणि वाचत कुणीच नाही. ‘वाचल्याचं समजून कायम’ असं म्हणतात, चारजण ‘मंजूर, मंजूर’ ओरडतात आणि पुढं जातात. एकदा कायम झालं की मग जेसीबी. दादाभाऊ तिच्याशी इतकं गोड का बोलतोय, ते तिला तेव्हा कळलं. हा माणूस त्या दिवशी मांडीवर थाप मारून हसला होता. त्याला काय झालं ते पक्कं ठाऊक होतं. फक्त यंत्रानं त्याच्या हातात आयतं आणून दिलं, आणि त्यानं ते हसत हसत खिशात घातलं.

घरी आली तर अमृताचा लॅपटॉप उघडाच. तिलाही ग्रुपवरचा फोटो दिसला होता आणि तिचं तोंड उतरलं होतं.

“आई, मी बघितलं. अक्षरं बरोबर आलीत. तू बोललीस तेच शब्द आहेत, एकही चुकलेला नाही. पण वाचताना ते खरंच संमतीसारखं वाटतं.”

“वाटतं? तुला वाटलं?”

“मला नाही गं. त्याला. तो ऐकत नाही ना. तुझा आवाज त्याच्यापर्यंत जातच नाही. हात कसा केलास तेही नाही. नुसते शब्द जातात.”

“आन लोक हसले, ते?”

अमृतानं पडदा आईकडं वळवला आणि बोट ठेवलं. व्हिडिओखालच्या मूळ अक्षरांत, ‘कलेक्टर होतील’च्या पुढं कंसात एक शब्द होता, हशा. आणि टूलनं साफ केलेल्या मजकुरात तो नव्हता.

“संगीत, टाळ्या, हशा, असं कंसात येतं ते मी काढून टाकते,” अमृता हळू आवाजात म्हणाली. “कचरा म्हणून.”

“हसनं कचरा?”

“आई, मला कुठं माहीत होतं की...”

“अगं, ते हसनं म्हंजेच तर उत्तर व्हतं! गावानं मला उत्तर दिलं त्यात. आख्ख्या सभेनं सांगितलं, की आक्का न्हाई म्हनली आन आमाला कळलं. तू तेच नेमकं पाखडून टाकलंस. दाणं उकिरड्यावर आन फोलपटं ताटात!”

अमृताच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पोरगी सहज रडणारी नव्हे. “मी आत्ता दुरुस्त करते. हशा ठेवायचा, टाळ्या ठेवायच्या, त्याला सांगायचं की इथं टोमणा असू शकतो. अर्ध्या तासाचं काम आहे. नवा सारांश काढते आणि सुनीलला पाठवते. कुणाला काही कळायचंही नाही.”

“मला नवा सारांश नगं.”

“अगं, बरोबर येईल आता.”

“बरोबर आला तरी नगं. मी काय बोलले ते आता यंत्रानं सांगायचं, आन त्ये बरोबर बोललं तर गावानं मानायचं? मी मेले का? म्या तोंडानं बोलले, त्यांनी कानानं ऐकलं. त्यांनीच सांगायचं. सभेत आख्खा व्हिडिओ लावायचा.”

“आई, सभा ऑनलाइन असते. त्या कंपनीचे लोक बघतील. मीच उभी राहून माझं टूल चुकलं म्हणायचं?”

“चुकलं का न्हाई?”

“चुकलं.”

“मंग?”

अमृतानं लॅपटॉप मिटला. ती भिंतीकडं तोंड करून बसली. द्रौपदानं तिची समजूत काढली नाही, चहा ठेवला फक्त. तिलाही पोरीचं वाईट वाटत होतं. तीन वर्षं घासलं होतं पोरीनं त्याच्यावर. पण अंगण जात होतं, आणि जाताना तिच्या नावानं जात होतं. चहा उकळला तेव्हा अमृता आत आली आणि म्हणाली, “शाळेचा टीव्ही मोठा आहे. मी वायर आणते.”

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. बौद्धवस्ती सगळी आली होती, उज्ज्वला मजुरी बुडवून आली होती आणि तोंड वाकडं करून एका बाजूला उभी होती. अभ्यासिकेतली पोरंही मागं भिंतीला लागून बसलेली. दादाभाऊनं गर्दी बघितली आणि कामाचा वेग वाढवला.

“विषय पहिला,” तो एका दमात म्हणाला, “मागील सभेचं प्रोसिडिंग वाचल्याचं समजून कायम करण्यात यावं.”

“मंजूर, मंजूर!” पुढच्या बाकावरून आवाज आले.

“नामंजूर!” द्रौपदा उठली. “समजून कशाला? वाचा.”

“आक्का, वेळ...”

“वाचा म्हनते ना. गावाला ऐकू द्या, म्या काय काय दिलंय ते.”

मागून पोरं ओरडली, वाचा, वाचा. सुनीलनं दादाभाऊकडं बघितलं, मग कागदाकडं, आणि पडेल आवाजात वाचलं. बेडकांपाशी त्याचा आवाज अडखळला. हॉलमध्ये खसखस पिकली.

“आता ह्ये खरं का खोटं, ते बघू,” द्रौपदा म्हणाली. “अमे, लाव.”

दादाभाऊ उठला. “हे बघा, अशानं सभा चालायची नाही. आख्खा व्हिडिओ बघायला कुनाला वेळ हाय? म्हणून तर सारांश असतो.”

“आमचं अंगण घ्यायला वेळ हाय, आन माझं बोलनं ऐकायला न्हाई?” द्रौपदाचा आवाज चढला. “बाबासाहेबांनी ह्या सभेत बोलायचा हक दिला, त्यो सारांशात न्हाई दिला. पुरा दिलाय! लाव गं.”

अमृतानं लावला. टीव्हीवर तोच हॉल, तीच माणसं. द्रौपदा उठली, हात ओवाळला, घ्या की म्हणाली. लंकाबाईनं टीव्हीत डोकं खाली घेतलं, आणि इथं बसलेल्या लंकाबाईनंही सवयीनं घेतलं. मग बेडूक आले, कलेक्टर आले, आणि टीव्हीतला हॉल हसला. त्याबरोबर इथला हॉलही हसला. उज्ज्वला हसली नाही. तिनं तोंडावर हात ठेवला आणि द्रौपदाकडं बघत राहिली.

“थांबव तितं,” द्रौपदा म्हणाली.

चित्र थांबलं. मधोमध दादाभाऊ, खुर्चीत मागं रेललेला, हात मांडीवर, तोंड एवढं उघडं की दाढा मोजाव्यात.

“सरपंच, ह्ये कोन हसतंय?”

द्रौपदानं टीव्हीकडं बोट रोखलं.

“तुमीच हसताय ना? मंग गावाला सांगा, कशाला हसला. म्या जागा दिली म्हून हसला? अशी आख्खी वस्ती आपलं अंगण देऊन टाकती, तेव्हा मानूस मांडीवर थापा मारतो व्हय? का म्या टोमना मारला, त्यो तुमाला कळला, म्हून हसला? दोनीतलं कायतरी येकच आसंल. सांगा.”

दादाभाऊनं रुमाल काढून मान पुसली. “आता ते... सभेत विनोद होतात, आक्का. पण लिहिलंय ते यंत्रानं. तुमच्याच पोरीच्या.”

तेव्हा अमृता पुढं आली. कॅमेऱ्याच्या बरोबर समोर उभी राहिली, बाजूला नाही.

“यंत्र माझं आहे,” ती म्हणाली. “ते चुकलं. ते माझ्यामुळं चुकलं, मी हसणं काढून टाकलं म्हणून. हे मी सगळ्यांसमोर सांगते, ज्यांना बघायचं त्यांनी बघावं. पण माझं यंत्र बहिरं आहे, सरपंच. तुम्ही नाही. तुम्ही इथं होता, तुम्ही ऐकलं, तुम्ही हसला, आणि मग त्या बहिऱ्याच्या साक्षीवर सही केली. ही चूक माझ्या यंत्राची नाही.”

पुढच्या बाकावर भिमाजी बसला होता, दादाभाऊचा सख्खा चुलता. मघाशी मंजूर म्हणणाऱ्यांत त्याचाच आवाज मोठा होता. तो काठी टेकत उठला. दादाभाऊला वाटलं, आता चुलता सावरून घेईल.

“बाई न्हाईच म्हनली व्हती,” भिमाजी म्हणाला. “मीबी हसलो व्हतो.”

“नाना, तुमी बसा,” दादाभाऊ दबक्या आवाजात म्हणाला.

“बसतो. पर हसलो व्हतो. आता खोटं कशाला बोलू, त्यात दिसतंय की मी.”

“मीबी हसले व्हते,” लंकाबाई उठली. मग वरच्या आळीतला एकजण, मग डोंगराकडच्या वाडीतला म्हातारा. मागची पोरं तर सगळीच एकदम उठली. ‘मीबी हसलो व्हतो, मीबी’, असा गलका झाला. एरवी सभेत तोंड न उघडणारी माणसं आपण हसलो होतो हे सांगायला हात वर करून उभी होती.

गलक्यात सुनीलही उठला. “सरपंचसाहेब, मीही हसलो होतो,” तो म्हणाला. “प्रोसिडिंग मी परत लिहितो. हातानं.”

त्यानं तिथंच कागदावर काट मारली आणि पेन धरून द्रौपदाकडं बघितलं. “सांगा मावशी, काय लिहू?”

“लिवा,” द्रौपदा म्हणाली. आता तिच्या आवाजात ना थट्टा होती ना हेल. ती सावकाश बोलली, लहान पोराला अक्षर गिरवायला सांगावं तशी. “अंगण देणार न्हाई. अभ्यासिका हलवणार न्हाई. विरोध हाय. आन खाली वस्तीतल्या सगळ्यांची नावं लिवा, माझ्या एकटीचं न्हाई.”

“पहिलं माझं लिवा,” बाजूला उभी असलेली उज्ज्वला म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत द्रौपदाच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं माफी मागितली नाही आणि द्रौपदानंही माफीची वाट बघितली नाही. दोघींचे खांदे एकमेकींना लागले होते, तेवढं पुरे होतं.

नावं लिहिता लिहिता वेळ लागला. दादाभाऊ खुर्चीत बसून राहिला. टीव्हीवर अजून त्याचंच तोंड उघडं होतं, आणि ते बंद करा असं म्हणायची त्याला सोय नव्हती. शेवटी सुनीलनं कागद पुढं सरकवला तेव्हा त्यानं सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि द्रौपदाकडं न बघता म्हणाला, “आज ऱ्हाऊ द्या. पर गाड्यांचा प्रश्न काय सुटला न्हाई. हा विषय मी परत आणनार हाय.”

“आना,” द्रौपदा म्हणाली. “फुडच्या सभेला आना. तिच्या फुडच्या सभेला आना. आमी हितंच हाय.”